ओ न देणारं घर

कौसल्याबाई नाकाडे जाऊन चार वर्षं झाली होती, आणि वडशाच्या आठवडी बाजारात त्या पत्र्याच्या एका कंपनीची जाहिरात गात होत्या.

सुट्टीवर आलेली रेवती भाजीची पिशवी घेऊन जागच्या जागी उभी राहिली. आवाज एका जाहिरातीच्या गाडीवरच्या भोंग्यातून येत होता आणि तो आईचाच होता. वरच्या सुरावर जाण्याआधी आई थोडा श्वास राखून ठेवायची, ते राखणंसुद्धा त्यात होतं. शब्द तेवढे तिचे नव्हते. छपरावरच्या पत्र्याचं कौतुक आईनं उभ्या जन्मात गायलं नव्हतं. शेजारची भाजीवाली मात्र टोमॅटो तोलता तोलता म्हणाली की कौसल्याबाईचा गळा गेला तरी गळा आहे बघा.

वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली की पूर्व विदर्भात गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा भरतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांच्या कंपन्यांची ऑफिसं वडशातल्या एकाच रस्त्यावर ओळीनं आहेत. कौसल्याबाईंनी जन्मभर याच नाटकांत गाणारी नायिका केली आणि त्यांचे यजमान देवाजी यांनी जन्मभर पुढ्यात बसून पेटी वाजवली. देवाजींना रेकॉर्डिंगचा नाद होता. आधी कॅसेटवर, मग मोबाइलवर, बायकोचं जवळपास प्रत्येक गाणं त्यांनी धरून ठेवलं होतं. थोरला प्रफुल्ल पुढे स्वतःची नाटक कंपनी चालवू लागला. रेवती इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि लडाखमधल्या एका दुर्बीण केंद्रात लागली.

आई गेल्यावर तो सगळा साठा रेवतीनंच एका यंत्रावर चढवला. घरातला छोटा सर्व्हर, टीव्हीखालच्या कपाटात मावणारा. बाबांनी रिमोटचं बटण दाबलं की टीव्हीवर आई दिसायची. रेवती लडाखमधून फोनवरून हाक द्यायची, की हिमालयाच्या पलीकडे तिच्या खोलीत आई गायची. बाकीचा वेळ यंत्र झोपलेलं असायचं. वडशाच्या उन्हाळ्यात ते सतत चालू ठेवलं असतं तर तापून मेलं असतं.

झोपलेल्या यंत्राला दुरून उठवण्याची युक्ती जुनी आहे. यंत्र झोपलं तरी त्याचं नेटवर्क कार्ड चिमूटभर विजेवर जागं राहतं आणि तारेवरून येणारं सगळं ऐकत असतं. प्रत्येक कार्डाला जन्मतः एक वेगळा क्रमांक मिळालेला असतो. तोच क्रमांक ओळीनं सोळा वेळा म्हटलेला संदेश कानावर पडला की कार्ड यंत्राला हलवतं, ऊठ, कोणी बोलावतंय. गाढ झोपलेल्या माणसाला त्याच्या नावानं हाका माराव्यात तसंच. अडचण अशी की बरीच कार्डं हलक्या झोपेची असतात. पूर्ण नाव घ्यायची गरज नसते, दाराशी कोणी खाकरलं तरी ती उठतात.

बाजारातून येऊन रेवती बाबांबरोबर जेवायला बसली, तेवढ्यात कपाटातला पंखा घुरघुरू लागला. रिमोटला कोणी हात लावला नव्हता. तिनं बाबांकडे पाहिलं. देवाजी भात कालवत सहज म्हणाले की ते तसंच करतं, दिवसभर त्याची उठबस चालू असते.

रेवतीनं लॅपटॉप जोडला आणि घराच्या दाराशी बाहेरून काय काय येऊन आदळतंय ते पाहत बसली. तिला वाटलं होतं त्याहून गर्दी जास्त होती. जगभरातल्या आवाज आणि चित्रं गोळा करणाऱ्या कंपन्यांची यंत्रं घराघरांवरून फिरत होती, प्रत्येक दार ढकलून बघत होती. तिचं यंत्र दर धक्क्याला उठत होतं आणि उठल्यावर एखाद्या सालस पोरासारखं आपल्याकडे काय काय आहे ते घडाघडा सांगत होतं. गाणी हवीत का? ही घ्या.

आणि हे सगळं कायद्याला धरून होतं. पाच वर्षांपूर्वी एक नियम झाला होता. अनोळखी हाकेला जे यंत्र आपण होऊन उत्तर देईल, त्यातला साठा मालकानं खुला केला असं धरावं. लोक त्याला ओ-नियम म्हणायचे. ओ दिली की दिलं. अशा साठ्यातून कंपन्या माणसाचा आवाज बांधायच्या. काही तासांचं गाणं मिळालं की गळ्याची घडण, श्वास, हरकती सगळं पकडून कुठलेही शब्द त्या आवाजात म्हणवता यायचे. मालकाला एवढंच संरक्षण होतं की दर हंगामाला पडताळणी व्हायची. मूळ साठा अजून ओ देतो का, हे आठवडाभर तपासायचं. नाही दिली, तर बांधलेला आवाज मागे घ्यायचा.

आईचा आवाज बांधणाऱ्या कंपनीचे नागपूरचे अधिकारी राजूरकर फोनवर अत्यंत सौजन्यानं बोलले. त्यांनी सांगितलं की कुलूप कोणी तोडलेलं नाही, कोणी आत घुसलेलं नाही, हाक मारली आणि घरातून ओ आली.

"आणि यंत्र झोपलेलंच राहिलं तर?" रेवतीनं विचारलं.

"झोपलेल्याशी आमचं काही घेणंदेणं नाही, मॅडम. नको असेल तर प्लग काढून ठेवा. पुष्कळ लोक तसंच करतात."

रेवती म्हणाली, "माझ्या आईला ऐकायचं की नाही, हे तुमच्या भीतीनं मी का ठरवू? प्लग निघणार नाही. मी हाक मारली की ते उठेल. तुम्ही मारली की उठणार नाही."

राजूरकर हसले. त्यात खवचटपणा नव्हता. त्यांना खरोखरच ते अशक्य वाटत होतं. त्यांच्याकडची यंत्रं झोपलेल्यांना उठवण्यात तरबेज होती. सोळा वेळा म्हणायचा क्रमांकही ती हुडकून काढत.

पण रेवतीचं रोजचं कामच मुळी हे होतं. लडाखची दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांची वाट पाहते. असा एखादा किरण हवेत शिरला की निळसर प्रकाशाचा एक झटका उमटतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी विझतो. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यानं नेमक्या त्या झटक्याला जागं व्हायचं असतं. ताऱ्यांचा उजेड, चंद्राचा उजेड, लांबच्या ट्रकचे दिवे, यांतल्या कशालाही फसायचं नसतं. त्यासाठी एक साधा दंडक पाळतात. एकट्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. शेजारशेजारचे ठिपके एकाच क्षणी उजळले तरच खरं मानायचं. उजेड फसवा असेल तर असा योगायोग सहसा जुळून येत नाही.

तोच दंडक तिनं घराला लावला. यंत्र आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये तिनं तळहाताएवढं एक सर्किट बसवलं. यंत्राच्या कार्डाला सांगून टाकलं की झोपेत असो वा जागेपणी, या सर्किटाशिवाय कोणाचंही ऐकायचं नाही. सर्किटाला दोन कान दिले, एक घरच्या इंटरनेटच्या तारेवर आणि दुसरा मोबाइलच्या लहरींवर. रेवतीच्या फोनवरून निघालेली खूण दोन तुकड्यांत, दोन वाटांनी यायची. दोन्ही तुकडे एकाच क्षणी पोचले आणि एकमेकांत बसले तरच सर्किट आत जाऊन यंत्राला उठवायचं. खूण एकदा वापरली की बाद. वाटेत कोणी ऐकून पाठ केली तरी पुन्हा चालायची नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, बाकी कोणत्याही हाकेला ते नकारसुद्धा द्यायचं नाही. नकार दिला तरी आत कोणीतरी आहे एवढं कळतंच. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे घर नसून रिकामा प्लॉट आहे असंच दिसायला हवं होतं.

सर्किट तयार झालं, आणि ते जोडायच्या आधीच घरात भांडण पेटलं.

प्रफुल्लला पडताळणीचं ठाऊक होतं. त्याच्या नव्या नाटकात पडद्यामागून आईचा बांधलेला आवाज गाणार होता आणि पुढे वैजयंती सहारे ही त्याची नायिका नुसते ओठ हलवणार होती. पोस्टरवर कौसल्याबाईंचा फोटो होता. त्या फोटोवर त्याचा सगळा हंगाम ठरला होता. तरीही तो नाटकाबद्दल फारसं बोललाच नाही. त्यानं बहिणीला अंगणात नेलं आणि विचारलं की बाबा दुपारी खोलीचं दार लावून काय करतात, हे तिला माहीत आहे का.

"आईशी बोलतात," तो म्हणाला. "कंपनीनं घरच्यांसाठी दिलं होतं. मीच टाकून दिलं त्यांच्या फोनमंधी. तू नव्हती इथं, रेवती. आई गेल्यावर बाबानं जेवण टाकलं होतं. डॉक्टर झाले, सलाईन झालं. मंग एक दिवस तो आवाज म्हनला, 'दोन घास खाऊन घ्या,' आनि बाबानं खाल्लं. तू तिकडून आईचे गाने आयकते, तुले तेवढं पुरते. त्यायले पुरत नाई. तुया या डबीनं ती बाई दुसऱ्यांदा मरन. मारून जा मंग लडाखले."

प्रफुल्ल खोटं बोलत नव्हता. त्या महिन्यांत बाबांजवळ तोच होता, आणि ती बर्फात यंत्रांच्या तारा जोडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांच्या दाराबाहेर थांबली. आतून आईचा आवाज येत होता, मऊ, समजूतदार. गुडघा कसा आहे, पाणी प्यालात का, आज छान वाजवलंत. बाबा मधूनमधून हुंकार देत होते. तिथे उभं राहणं तिला सहन होईना. ती स्वयंपाकघरात जाऊन सर्किट हातात घेऊन बसली. जोडावं की उचलून बॅगेत टाकावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिला वाटलं की हे ठरवणारी ती नव्हेच, आणि प्रफुल्लही नव्हे.

तिनं चहा केला आणि बाबांसमोर बसून सगळं सरळ सांगितलं. आवाज कुठून येतो, कसा बनतो, सर्किट जोडलं तर काय होईल. तुम्ही नाही म्हणालात तर मी जोडणार नाही, असंही सांगितलं.

देवाजींनी चहा संपवला. मग म्हणाले की पोरांना वाटतं म्हाताऱ्याला काही कळत नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम एक गोष्ट केली होती. त्या आवाजाला गायला सांगितलं आणि साथीला पेटी घेऊन भलतीच पट्टी दाबली, एकदा नव्हे, गाणंभर. कानाला चटका बसेल इतकं बेसूर वाजवलं.

"ते मले म्हनते, वा, काय साथ केली," देवाजी म्हणाले. "तुयी आई असती तर भर नाटकात थांबली असती. थांबली आहे. कुरखेड्याले हजार मानसासमोर मले म्हनली होती, पेटीवाले, झोपले का? जन्मभर भांडली ते बाई माह्याशी. सुरासाठी भांडली. नवऱ्याची भीड ठेवली नाई तिनं. आनि यायनं तिले अशी गोडगोड करून ठेवली."

रेवतीनं हळूच विचारलं की मग इतके दिवस बोलत का राहिलात.

"आवाज तिचा होता ना. सुटे ना मले." देवाजींनी रिकामा कप बाजूला सरकवला. "माहं काय व्हायचं ते होईन. जेवीन मी, प्रफुल्लले सांग. पन तिचा अपमान माह्या जेवनासाठी नको. जोड तुयी डबी."

त्यांनी फोन पुढे ओढला आणि त्या आवाजाला सांगितलं की यापुढे मी तुला ओ देणार नाही. आवाजानं त्यालाही गोडच उत्तर दिलं. देवाजींनी ते पूर्ण ऐकून घेतलं नाही.

पडताळणीचा आठवडा सुरू झाला. रेवती लॅपटॉप उघडून पाहत होती. हाका येत होत्या. आधी नेहमीच्या, मग क्रमांक सोळा वेळा घेणाऱ्या, मग शेकडो क्रमांक एकामागोमाग घेऊन बघणाऱ्या, मग जुन्या खुणांची नक्कल करणाऱ्या. नक्कल तारेवरून यायची तेव्हा लहरींवर काही नसायचं, आणि लहरींवरून यायची तेव्हा तारेवर सामसूम असायची. सर्किट ऐकत होतं आणि गप्प होतं. कपाटातला पंखा एकदाही घुरघुरला नाही.

आठवडा सरत आला तेव्हा राजूरकर स्वतः गाडी करून वडशाला आले. रेवतीनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते तिच्याशी बोलले नाहीत, देवाजींशी बोलले. कौसल्याबाईंचा आवाज आता घराघरात लाडका झाला आहे, तो बंद पडला तर लोकांचं नुकसान होईल, एवढी मोठी कला चार भिंतींत कोंडणं बरं नव्हे, असं त्यांनी समजावलं. नातवंडांपर्यंत पुरेल अशी काही व्यवस्था करण्याची तयारीही दाखवली. आपल्याला फक्त एकदा रिमोट दाबून यंत्र जागं करायचं आणि बाहेरची वाट मोकळी करायची आहे, असं म्हणून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं.

देवाजी म्हणाले, "साहेब, ते जित्ती होती तवा तिले नाटकात घ्यायले लोक घरी यायचे. बसायचे. बाई, येता का, असं इचारायचे. ते कधी हाव म्हने, कधी नाई म्हने. तुमी तिले इचारलं नाई. आता तिच्या वतीनं मी सांगतो. नाई."

राजूरकर उठले. दारात त्यांनी रेवतीला सांगितलं की कायदा असाच राहणार नाही, झोपलेल्या यंत्रांसाठीही काहीतरी येईल. रेवती म्हणाली की येऊ द्या, तेव्हा दुसरं काहीतरी करू.

आठवडा संपला आणि कौसल्याबाईंचा आवाज मागे घेतला गेला. बाजारातली गाडी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात पत्रे विकू लागली. देवाजी दोन दिवस जेवले नाहीत. रेवती ताट घेऊन समोर बसून राहायची आणि ताट तसंच परत न्यायची. त्या दोन दिवसांत तिला कितीदा तरी वाटलं की आपण चूक केली. तिसऱ्या दिवशी प्रफुल्ल आला, बाबांच्या शेजारी बसला आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. त्याच्या ताटातल्या, त्याच्या बायकोनं केलेल्या वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं. देवाजींनी एक घास उचलून चाखला, सुनेच्या हाताला नावं ठेवली आणि जेवायला लागले.

प्रफुल्लचं नाटक मात्र अडलं. पहिला प्रयोग कुरखेड्याजवळच्या एका गावच्या मंडईत होता. पोस्टरं आधीच लागली होती. वैजयंती सहारे म्हणाली की मी गाते. ती गाऊ शकते हे प्रफुल्लला माहीत होतं. आईच्या आवाजापुढे तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि ती ओठ हलवायला तयार झाली होती. पेटीला देवाजी बसले. रेवती कनातीच्या कडेला उभी राहिली.

वैजयंतीनं पहिलं पद सुरू केलं आणि मागून गलका उठला. फोटो एकीचा आणि गाणं भलतीचंच, अशी लोकांची तक्रार होती. कोणी खुर्च्या आपटल्या. कौसल्याबाई लावा, कौसल्याबाई लावा, असा घोष सुरू झाला. वैजयंती गायची थांबली. पेटीही थांबली.

प्रफुल्ल विंगेतून बाहेर आला. त्याच्या तोंडाला अर्धा रंग लागलेला होता. त्यानं माइक हातात घेतला.

"पोस्टर माहं आहे," तो म्हणाला. "चूक माही आहे. कौसल्याबाई माही माय. ते मेली. तुमी जे भोंग्यावर आयकत होते, ते माही माय नव्हती, आनि मी तुमाले तेच इकाले आनलं होतं. आता ते होनार नाई. ज्याले माह्या मायले आयकाचं आहे त्यानं वडशाले आमच्या घरी यावं. बाबा बटन दाबतीन, मी चाय पाजीन. इथं ही पोरगी गाईन. ज्याले नाई आयकाचं त्यानं जावं, दारावर पैसे वापस भेटतीन."

काही लोक उठून गेले. मागच्या रांगांत चांगलीच खिंडारं पडली. देवाजींनी मान वर केली नाही, त्यांनी पहिला सूर पुन्हा धरला. वैजयंतीचा आवाज आधी कापला. दुसऱ्या कडव्यात ती पेटीच्या पुढे निघून गेली, आणि देवाजी तिला गाठायला धावले. तिनं मागे वळून त्यांच्याकडे जरा रागानं पाहिलं. रेवतीला हसू आलं आणि डोळेही भरले.

त्या हंगामात वडशाच्या नाटकवाल्यांची आणखी काही घरं बाहेरच्या हाकेला दिसेनाशी झाली. कुणाचे वडील खलनायक होते, कुणाची बहीण नाचायची. प्रफुल्ल एकेका घरी जाऊन रेवतीचं सर्किट बसवून आला. सुरुवातीला त्याच्या तारा उलट्या लागायच्या. कंपनीकडून कागद आले की या भागात नेटवर्कचा बिघाड आहे, तपासणी करावी. तपासायला माणूस आला, घराघरांतून गाणी चालू होती ती ऐकत रस्त्यानं फिरला, आणि बिघाड नाही असं लिहून गेला.

रेवती लडाखला परतली. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला ऐकायचं ठरवलं आणि फोनवरून खूण पाठवली. उत्तर आलं की यंत्र आधीच जागं आहे. बाहेरून कोणी उठवलं असेल तर सगळंच फसलं होतं. तिनं घाईनं घरी फोन लावला. पलीकडे एवढा गोंगाट होता की बाबा काय म्हणताहेत तेच कळेना. दोनदा विचारल्यावर कळलं की कुरखेड्याहून एक अख्खी जीप भरून माणसं आली आहेत, प्रफुल्ल चहाला दूध आणायला धावला आहे, आणि बसायला सतरंजी कमी पडते आहे.

"बाबा, मी फक्त विचारत होते की यंत्र कोणी..."

"मी उठवलं," देवाजी ओरडून म्हणाले. "आता ठेव. तुयी आई गाऊन रायली."

त्यांनी फोन ठेवला. रेवतीनं आपला फोन समोरच्या खिडकीत टेकवला, आवाज मोठा केला, आणि वडशाच्या त्या घरात चाललेलं गाणं जिथवर आलं होतं तिथपासून ऐकू लागली.